अर्धं डांबर, अर्धी पांदण

वेचणी सुरू झाली की आमच्या आर्णीच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. खच्चून भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जाताना फांद्यांना घासतात आणि काट्यांना अडकलेले पुंजके दिवसेंदिवस तसेच लोंबत राहतात. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, हे कोणतं झाड? आम्ही खुशाल काहीतरी लांबलचक नाव ठोकून देतो. यंदा अशाच एका बाभळीखाली माझ्या मुलीची सायकल पंक्चर झाली. मेकॅनिकने ट्यूब बाहेर काढली, ट्यूबकडे न पाहता टायरवरच अंगठा दाबला आणि म्हणाला, "ताई, हा गेला." टायर खरंच गेला होता. आतल्या धाग्यांची जाळी वर आली होती.

नवा टायर घ्यायला दोघी दुकानात गेलो. दुकानदार पोरगेलासाच होता. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "डांबर जास्त हाय का कच्चा?" मुलगी शिकवणीला सिमेंटच्या रस्त्याने जाते आणि रविवारी मैत्रिणींबरोबर नदीकडच्या मातीत हुंदडते. "अर्धं-अर्धं," ती म्हणाली. त्याने वरच्या फळीवरून एक टायर काढून समोर ठेवला. मधोमध गुळगुळीत पट्टा, दोन्ही कडांना उंच उंच बटनं. डांबरावर पट्टा धावतो, मातीत कडा पकड घेतात. मी तो टायर हातात घेऊन इतका वेळ उलटसुलट करत राहिले की मुलगी वैतागली. "आई, टायर पाहतेयस की जावई?"

तिला काय सांगणार? असा टायर शोधण्यात माझा एक अख्खा हिवाळा गेला होता, आणि तेव्हा तो अख्ख्या घाटंजी तालुक्यात कुणी पाहिलासुद्धा नव्हता.

माझं गाव घाटंजीजवळचं, पण मुख्य रस्त्यापासून आत. घाटंजीहून फाट्यापर्यंत डांबर. फाट्यापासून गावापर्यंत पांदण, म्हणजे शेतांच्या मधून बैलगाड्यांनी वर्षानुवर्षं जाऊन पाडलेली वाट. बारावीला मी घाटंजीच्या कॉलेजात सायन्सला होते. प्रॅक्टिकल दुपारी उशिरापर्यंत चालायचं आणि एसटी त्याच्या आधीच निघून जायची. म्हणून घरातली एकुलती एक सायकल, बाबांची जुनी दांडीची, माझ्याकडे आली. देताना बाबांनी अट घातली. "जा तू. पण दिवे लागाच्या आंधी घरात दिसली पाह्यजे. एक दिवस जरी उशीर झाला, तं कालेज बंद."

ही अट ऐकून माझी मुलगी आजोबांना जुन्या वळणाचं ठरवून मोकळी होते. तसं नव्हतं. ते जुन्या वळणाचे असते तर सायन्सला घातलंच नसतं. ती वर्षंच तशी होती. कापसाचे दिवस फिरले होते, घराघरांतली माणसं अबोल झाली होती. संध्याकाळी कुणी वेळेवर घरी आलं नाही की शेजारपाजारचे पुरुष एकमेकांशी काही न बोलता बॅटऱ्या घेऊन उठायचे. आधी त्याच्या शेतातली विहीर पाहायचे. बहुतेक वेळा माणूस कुठल्या तरी ओट्यावर गप्पा हाणत सापडायचा आणि सगळ्यांच्या शिव्या खायचा. एकदा तसं झालं नाही. तो बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त होता आणि विहिरीत बॅटरी मारणारे बाबाच होते. तेव्हापासून घरातल्या कुणालाही झालेला उशीर त्यांना सोसवेना. ते भीतीपोटी कडक झाले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असूनही मला त्यांचा राग यायचा. रस्त्यात काटा मोडला तर त्यात माझा काय दोष?

कारण सगळं अडलं होतं ते काट्यापाशीच. डांबरावर वेळ वाचवायचा तर टायर बारीक आणि हलका हवा. पांदणीत काटे झेलायचे तर जाड हवा. बारीक टायर लावला की पांदणीत पंक्चर, जाड लावला की डांबरावरच उशीर. दिवस लहान होत चाललेले. माझं कॉलेज या दोन टायरांच्या मधे लटकलेलं होतं.

फाट्यावर चिंचेखाली हनीफचाचांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप, पाण्याचं घमेलं आणि चिंचेच्या फांदीला टांगलेले टायर. चाचांना सल्ला द्यायची भारी हौस. "देख बेटा," ते म्हणायचे, "डांबर म्हणते मले पतला पाह्यजे. मिट्टी म्हणते मले मोटा पाह्यजे. दोघी सवती हायेत. आता नवरा एकच, त्यानं कराव तं काय कराव?" मग ते विचारात पडल्यासारखे फांदीकडे पाहायचे आणि एक टायर उतरवायचे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की चाचांचा सल्ला त्या दिवशी फांदीला कोणता टायर शिल्लक आहे त्यावर ठरतो. मी तसं त्यांना तोंडावर म्हटलं, तर ते मनापासून हसले. "मंग? जो नाही, तो कसा लावू?"

पहिला लावला तो रेघांचा. उभ्या बारीक रेघा, हाताला जवळजवळ गुळगुळीत. डांबरावर ती सायकल अशी सुटायची की पाय मारायचं विसरायला व्हायचं. सकाळच्या थंडीत डोळ्यांतून पाणी यायचं, कडेच्या तुरीला फुलं आलेली असायची आणि मला वाटायचं, हे असंच नागपूरपर्यंत जावं. फाट्याला वळलं की मजा संपली. पांदणीत दोन चाकोऱ्या असतात, बैलगाडीच्या दोन चाकांच्या. पावसाळ्यात त्या खोल रुततात आणि हिवाळ्यात तशाच कडक होऊन बसतात. बारीक टायर एकदा चाकोरीत घुसला की बाहेर येत नाही. सायकल आपली नसतेच मग, ती चाकोरी नेईल तिकडे आपण. चाकोरीच्या तळाशी फुफाटा, पिठासारखा मऊ, आणि त्या फुफाट्यात बाभळीचे काटे. कुंपणं घालायला काट्यांच्या फांद्या गाडीमागून ओढत नेतात, त्यांतून गळलेले. वरून काही दिसत नाही. नुसता फुस्स आवाज होतो आणि सायकल खाली बसते.

मग बटनांचा. जाड, उंच गोट्यागोट्यांचा, पांदणीत चालणारा. चाकोरीला तो जुमानायचा नाही, कडेच्या गवतावरून, ढेकळांवरून सरळ चढायचा. पण डांबरावर त्याचा घूं घूं आवाज सुरू व्हायचा आणि मांड्या भरून यायच्या. घाटंजीला पोचेपर्यंत मी इतकी दमायची की पहिल्या तासाला सरांचा आवाज आणि टायरचा आवाज एकच वाटायचा. आणि परतताना तो वेळ खायचा. एकदा दारात पोचले तेव्हा आई कंदिलाची काच पुसत होती. काडी ओढायची तेवढी राहिली होती. बाबा ओसरीवर उभे होते. माझ्याकडे न पाहता ते आत गेले.

मग चाचांनी पुढे रेघांचा आणि मागे बटनांचा लावून दिला. माझ्या मुलीच्या दुकानदाराने एकाच टायरमधे जे दाखवलं, ते आम्ही दोन टायरांत करून पाहिलं होतं, एवढाच फरक. शेजारच्या काकूंनी ती सायकल पाहिली आणि तोंडाला पदर लावला. "काय वं, तुह्या सायकलचे दोन चाकं दोन मायचे हायेत का?" हसू आलं तरी ती जोडी बरी चालली. नाल्याजवळच्या उतारावर पुढचं चाक घसरून मी एकदा तुरीत गेले, कोपर सोलवटलं, पण घरी वेळेत पोचले. त्यातच मी हवेची एक युक्ती काढली. फाट्यावर आले की वॉल्व्ह ढिला करून थोडी हवा सोडायची. मऊ टायर ढेकळांवर उडत नाही, काटाही जरा उशिरा घुसतो. सकाळी फाट्यावर पुन्हा हवा भरून डांबरावर चढायचं. चाचा माझ्यासाठी पंप पेटीबाहेर काढून ठेवायचे आणि म्हणायचे, "रोज भरतं, रोज सोडतं. सायकल हाय का फुगा?"

त्या हिवाळ्याचा विचार केला की मला आधी वास येतो, घरात साठवलेल्या कापसाचा. कोरडा, किंचित तेलकट, नाकात बसणारा. पहिली खोली आढ्यापर्यंत भरलेली. भाव चढेल म्हणून सगळ्या गावाने कापूस थांबवून धरला होता आणि भाव काही चढत नव्हता. मी त्याच ढिगावर अभ्यासाला बसायची. बसलं की हळूहळू आत रुतायचं, ऊब लागायची, आणि अर्ध्या तासाने अंगभर खाज सुटायची. कुठल्या तरी कोपऱ्यातून लालभडक ढेकण्या किड्यांची रांग निघायची. रसायनशास्त्राच्या माझ्या वहीत अजूनही सरकीच्या तेलाचे डाग असतील, जर ती वही कुठे असेल तर.

रविवारी वेचणीला जायचं. पहिल्या वेचणीला हात घालण्याआधी आई शेतात सीतादही करायची. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पहिल्या ओळीपाशी हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग पहिलं बोंड वेचायचं. त्या वर्षीही तिने केलं. बाबा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून पाहत होते. "भाव नाही तं नाही," आई म्हणाली, "पिकानं काय केलं?" आणि वेचलेला कापूस टाकायला तिने ओटी बांधली. उकललेल्या बोंडाची टोकं बोटांत रुततात. सोमवारी प्रॅक्टिकलला ॲसिडची बाटली धरली की प्रत्येक ओरखडा वेगळा झोंबायचा.

कापूस घरात पडून, टायरांना मात्र दर आठवड्याला नवं भोक. बाबांनी या दोन गोष्टी एकत्र कशा केल्या कोण जाणे. एके सकाळी उठून पाहते तर त्यांनी मागचं चाक खोललेलं, ट्यूब बाहेर फेकलेली आणि मांडीवर टायर घेऊन ते त्यात कापूस कोंबत होते. काठीच्या टोकाने ठासून ठासून, गादी भरतात तसा. "आता कोणता काटा लागते पाहू," म्हणाले. "हवाच नाही तं निघनार काय?" किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा खुललेला पाहिला. आईला मात्र ते मुळीच पटलं नाही. "लक्ष्मी हाय ते. चाकाखाली कायले घालता?" बाबा म्हणाले, "घरात पडून सडून राह्यली तुही लक्ष्मी. पोरीच्या कामाले तं येऊ दे." आईने चाकाला हात लावून नमस्कार केला आणि आत गेली.

तुम्हाला वाटेल, हे वेड. पण ज्याच्या घरात बसायला जागा नाही इतका कापूस पडलाय, त्यालाच हे सुचणार. आणि ते चाललंही. पहिले काही दिवस मी काट्यांवरून मुद्दाम सायकल घातली. दणके बसायचे, डांबरावर चाक जडावलेल्या म्हशीसारखं चालायचं, पण उशीर होण्याची धास्ती गेली होती. चाचा मात्र त्या चाकाभोवती फिरून फिरून पाहायचे आणि धंद्याचं कसं होणार म्हणून खोटं खोटं कपाळ धरायचे. मग कापूस दबला. एका जागी गाठ, एका जागी पोकळ. चाक फिरलं की दर फेरीला एक उचकी. रोज सकाळी दवातून आणि नाल्याच्या पाण्यातून जाऊन जाऊन आतला कापूस ओला व्हायला लागला तो वेगळाच. पुढे कधीतरी चाचांनी तो टायर उघडला, तेव्हा आतल्या सरकीला मोड आलेले निघाले. चाचांनी येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवले. "पाहा, यंदा साऱ्या तालुक्यात पहिली पेरणी माह्या दुकानात झाली."

पण त्याच्या आधी तो पाऊस झाला. वेचणी अर्ध्यावर असताना येतो तसला, कुणाला नको असलेला. आम्ही प्रयोगशाळेत असताना पत्र्यावर आवाज सुरू झाला. माझ्या बाजूच्या मुलीने खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "गेला आमचा कापूस." सरांनी सगळ्यांना लवकर सोडलं. मी सुटले ती डांबरावर भिजत, उचक्या खात, मान खाली घालून. फाट्यावर पाऊस थांबला होता. चाचांनी हात आडवा केला. "बेटा, पांदण चालाच्या लायक नाही. घरात चाल, तुही चाची हाय. मी गावात निरोप धाडतो." मी आभाळाकडे पाहिलं. अजून उजेड होता. "चाचा, दिवे लागतीन," म्हटलं आणि निघाले.

काळी माती ओली झाली की ती टायर बघत नाही. रेघांचा असो की बटनांचा, ती दोघांनाही सारखीच चिकटते. पहिल्याच वळणावर पुढचं चाक मडगार्डात जाम झालं. तुरीची काडी मोडून माती खरवडली, चार पावलं गेले, पुन्हा जाम. मागचा टायर ओल्या कापसाने फुगला होता. नाल्यापाशी तो रिमवरून निसटला आणि चाकाभोवती लोंबू लागला. मी सायकल खांद्यावर घेतली. दांडी मानेत रुतत होती, प्रत्येक पावलाला मातीचा गोळा पायाला लागून वर येत होता. मला रडू आलं ते दुखण्याचं नव्हतं. प्रत्येक पावलागणिक उजेड कमी होत होता आणि माझं कॉलेज माझ्या डोळ्यांसमोर जात होतं, त्याचं होतं. गावाचे दिवे लागलेले मला लांबूनच दिसले.

दारात आई कंदील घेऊन उभी होती. तिने सायकल उतरवून घेतली, पदराने माझं तोंड पुसलं. मी आत पाहिलं. बाबा नव्हते.

"तुले पाहाले गेले," आई म्हणाली. "धुऱ्याधुऱ्यानं गेले, म्हणून चुकामूक झाली असंन."

मी कपडे बदलले, चुलीपाशी बसले. भात शिजला. आईने तो उतरवून ठेवला, मग पुन्हा चुलीवर ठेवला, पुन्हा उतरवला. बाहेर अंधार दाटला. कोनाड्यात बाबांची बॅटरी तशीच पडलेली मला दिसली. मी आईकडे पाहिलं. तिलाही ती आधीच दिसली होती.

"बॅटरी बी नाही नेली त्याहिनं," ती म्हणाली.

 धुऱ्याच्या वाटेवर कोणाकोणाच्या विहिरी आहेत ते आम्हा दोघींना पाठ होतं. आई कंदील पुसत होती त्या संध्याकाळी बाबा ओसरीवर कसे उभे होते, ते मला तेव्हा आतून कळलं.  मी बॅटरी उचलली. आईने डोक्यावर पदर घेतला, म्हणाली, "चाल. मी बी संगं."

आम्ही उंबऱ्यात आलो तेव्हा बाबा अंगणात शिरत होते. एका हातात चपला, दुसऱ्या हातात कंदील, पाय मांड्यांपर्यंत काळे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे, मग पायरीवर बसले. 

"फाट्यावर गेलतो," ते म्हणाले. "हनीफ म्हणे, पोरगी निंघाली. कंदील देल्ला त्यानं. मंग पांदणीनं वापस आलो. चाकाच्या खुणा दिसत होत्या. नाल्यापाशी आलो तं पुढं चाकच नाही. नाल्यात उतरलो म्या. चाचपून पाह्यलं सारं."

आईने कंदील खाली ठेवला.

"मंग कडेले पाय दिसले," बाबा म्हणाले. "खोल गेलते. तवा समजलं, सायकल खांद्यावर घेतली तुनं. तुह्या पायात पाय टाकत आलो घरापावतर." त्यांनी पायाचा चिखल बोटाने खरवडला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. "असा रस्ता हाय, तं बोलली काहून नाही?"

 तो रस्ता त्यांचाही रोजचा होता. पण बैलगाडीने जाणाऱ्याला आणि वेळ गाठायची असलेल्याला एकच रस्ता दिसत नाही.

"उद्यापासून घाई नोको करत जाऊ," ते म्हणाले. "टायर कोनता बी राहू दे. उशीर झाला तं मी येत जाईन फाट्यापावतर."

घाई नसली तर कोणताही टायर चालणार होता. सगळ्या हिवाळ्यात हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण बॅटरी अजून माझ्या हातात होती.

"आनि तुमाले उशीर झाला तं, बाबा?"

त्यांनी मान वर केली. त्यांना समजलं, मी काय विचारतेय ते.  उत्तर आईने दिलं, चुलीकडे जाता जाता, मागे वळून न पाहता.

"तं आमी दोघी येऊ."

बाबांनी चपला पायरीखाली सरकवल्या. मग "वाढ," म्हणाले, आणि पाय धुवायला उठले.